मानसशास्त्राचा लघुप्रबंध: टिपणवहीपासून संदर्भसूचीपर्यंत

मार्गदर्शकांकडून मसुदा परत आला की समासात लाल शाईनं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो: 'कशावरून?' शैक्षणिक लेखनाचे बहुतेक नियम या एका प्रश्नापायीच आहेत. लघुप्रबंधातलं विधान एकतर दुसऱ्या कोणाच्या संशोधनातून घेतलेलं असतं, नाहीतर तुम्ही गोळा केलेल्या माहितीतून निघालेलं असतं, नाहीतर तुमचा स्वतःचा तर्क असतो. यातलं कुठलं कोणतं, हे वाचणाऱ्याला वाक्य वाचता वाचताच कळलं पाहिजे. एपीए या संदर्भ द्यायच्या शैलीतले कंस आणि स्वल्पविराम त्याचसाठी आहेत.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कॉलेजांत बी.ए.चा प्रकल्प किंवा एम.ए.चा लघुप्रबंध मराठीत लिहिणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाही नियम हेच.

आधी काय ठरवायचं

मानसशास्त्रात चालते ती अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची शैली. १९२९ मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये छापलेल्या सात पानी सूचनांपासून ती सुरू झाली. सध्या तिची सातवी आवृत्ती चालू आहे, ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. आवृत्ती विचारून घ्या, कारण ग्रंथालयातले जुने प्रबंध सहाव्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीप्रमाणे लिहिलेले असतात आणि सीनियरच्या प्रबंधावरून नमुना उचलला की जुने नियमही सोबत येतात. जुनी आवृत्ती ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाच्या आधी 'न्यूयॉर्क:' किंवा 'नवी दिल्ली:' असं गावाचं नाव दिसलं, तर नमुना जुना आहे. सातव्या आवृत्तीनं गाव काढून टाकलं, फक्त प्रकाशकाचं नाव ठेवलं.

मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश यांची मांडणी मात्र विद्यापीठ आणि विभाग सांगेल तशीच. तिथे एपीएचा हट्ट धरू नका. एपीए चारही बाजूंना एक इंच समास सांगते. विभागानं बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच सांगितला असेल तर दीड इंच. ओळींमधलं अंतर दुप्पट.

दुसरी गोष्ट फॉन्टची, आणि हिच्याकडे दुर्लक्ष करू नका. टायपिंगच्या दुकानात अजूनही श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये काम होतं. त्यात टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. त्यात मराठी शब्द शोधता येत नाही, सूची वर्णानुक्रमे लावता येत नाही, मजकूर साम्य तपासणीसाठी नीट वाचला जात नाही आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळं विस्कटतं. पहिल्या पानापासून युनिकोड वापरा: मंगल, निर्मला किंवा नोटो देवनागरी. टायपिंगला देणार असाल तर 'युनिकोडमध्येच हवं' हे पैसे ठरवतानाच सांगा. नंतर सांगितलं तर पुन्हा टाइप करायचे पैसे लागतात.

वाचन आणि टिपणं

संदर्भसूची शेवटच्या आठवड्यात बनवायची नसते. ती पहिला लेख वाचायला घेतला त्या दिवशी सुरू होते. प्रत्येक स्रोतासाठी वहीचं एक पान ठेवा आणि वाचायला लागण्याआधी वर हे उतरवा: सर्व लेखकांची आडनावं आणि आद्याक्षरं, प्रकाशनाचं वर्ष, लेखाचं पूर्ण शीर्षक, नियतकालिकाचं नाव, खंड क्रमांक, अंक क्रमांक, पृष्ठं आणि डीओआय (लेखाला मिळालेला कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक). पुस्तक असेल तर आवृत्ती आणि प्रकाशक. हे पाच मिनिटांचं काम आहे. तेच राहिलं तर एप्रिलमध्ये 'ते निळ्या कव्हरचं पुस्तक' शोधत ग्रंथालयात बसावं लागतं.

खाली टिपण घेताना प्रत्येक नोंदीच्या आधी एक अक्षर लिहा. 'श' म्हणजे शब्दशः उतरवलेलं, अवतरणचिन्हांत आणि पृष्ठ क्रमांकासह. 'स' म्हणजे सारांश, स्वतःच्या शब्दांत. 'म' म्हणजे माझा विचार. ही सवय क्षुल्लक वाटते, पण बहुतेक नकळत झालेलं वाङ्मयचौर्य इथेच जन्माला येतं. दोन महिन्यांनी वही उघडल्यावर एखादं वाक्य आपलं की लेखकाचं हे आठवत नाही, आणि छान वाटलं म्हणून ते तसंच मसुद्यात जातं.

स्रोत शोधायला गुगल स्कॉलर चांगलं आहे. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर मोफत वाचता येतात. खानदेशातल्या विद्यार्थ्यांवर, शेतकऱ्यांवर किंवा आदिवासी पाड्यांवर आधी काय काम झालं आहे हे पाहायला तिथूनच सुरुवात करा. मात्र प्रबंधाच्या आढाव्याच्या प्रकरणातून संदर्भ जसेच्या तसे उचलू नका. आधीच्या माणसानं केलेल्या चुका तुमच्या नावावर जमा होतात.

संगणक हाताशी असेल तर झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर घाला. ते वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत चालतं. पण ते जे भरतं ते डोळ्यांखालून घाला. लेखाचं शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येणं, अंक क्रमांक गळणं, आडनाव आणि नाव उलटंपालटं होणं या नेहमीच्या चुका आहेत. मराठी पुस्तकांच्या नोंदी तर बहुतेक वेळा हातानंच भराव्या लागतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनाला संदर्भ विचारले तर ते खऱ्या लेखकाचं नाव, खरं नियतकालिक आणि अस्तित्वातच नसलेला लेख असं बेमालूम जोडून देऊ शकतं. जो लेख तुम्ही स्वतः उघडला नाही, तो सूचीत घालायचा नाही. डीओआय ब्राउझरमध्ये टाकून तोच लेख उघडतो का, एवढं पाहिलं तरी खोटा संदर्भ बहुधा लगेच उघडा पडतो.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे नेमकं कसं

लॅझारस आणि फोकमन यांची १९८४ ची ताणाची व्याख्या घ्या. तिचा गाभा असा: व्यक्ती आणि परिस्थिती यांच्यातलं नातं व्यक्तीला आपल्या कुवतीबाहेरचं किंवा कुवतीवर भार टाकणारं, आणि आपल्या स्वास्थ्याला धोकादायक वाटतं, तेव्हा ताण निर्माण होतो. बरेच जण यात 'व्यक्ती'च्या जागी 'माणूस', 'कुवत'च्या जागी 'क्षमता', 'धोकादायक'च्या जागी 'घातक' घालतात आणि सारांश झाला असं समजतात. वाक्याचा सांगाडा तोच राहिला, म्हणजे ती नक्कलच. खाली संदर्भ दिला तरी ती नक्कलच.

त्याऐवजी असं लिहिता येईल: "लॅझारस आणि फोकमन (१९८४) यांच्या मते ताण केवळ परीक्षेत किंवा नापिकीत नसतो, त्या प्रसंगाला तोंड देण्याची ताकद आपल्याकडे आहे का, याचे व्यक्तीने केलेले मूल्यमापन त्यात निर्णायक असते. म्हणूनच एकाच परीक्षेला बसलेल्या दोन विद्यार्थ्यांचा ताण वेगळा असू शकतो." पहिल्या वाक्यात कल्पना लेखकांची आणि मांडणी तुमची आहे. दुसरं वाक्य तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. दोन्ही वेगळे दिसतात.

हे जमायला एक उपाय: परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि तीच गोष्ट शेजारच्याला बोलून सांगा. घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच सांगा. बोलीत सांगताना पुस्तकी वाक्य आपोआप मोडतं, आणि कल्पना कळली नसेल तर जीभ तिथेच अडखळते. मग त्यावरून प्रमाण मराठीत लिहा आणि शेवटी मूळ मजकुराशी ताडून पाहा.

इंग्रजी परिच्छेदाचं मराठी भाषांतर संदर्भाशिवाय वापरणं हेही वाङ्मयचौर्यच आहे. सॉफ्टवेअरला ते सापडेलच असं नाही, पण विषय शिकवणाऱ्याला सापडतं, कारण भाषांतरित वाक्याची चाल लपत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष बंदी आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. दहा टक्के म्हणजे दहा टक्के उचलायची परवानगी, असा अर्थ मात्र काढू नका.

मजकुरातले संदर्भ

संदर्भ दोन तऱ्हांनी येतो. लेखक वाक्याचा भाग असेल तर "बांडुरा (१९७७) यांनी असे मांडले की...", आणि मुद्दा महत्त्वाचा असेल तर वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामाच्या आत, "(बांडुरा, १९७७)." दोन लेखक असतील तर दोघांचीही नावं दर वेळी. तीन किंवा अधिक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच "कोहेन व इतर (१९८३)". सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखकांची नावं पहिल्यांदा सगळी लिहायची होती, म्हणून जुन्या प्रबंधांत वेगळं दिसतं.

एका कंसात अनेक संदर्भ असतील तर ते सूचीच्याच क्रमानं आणि अर्धविरामानं वेगळे करून द्या, वर्षांच्या क्रमानं नाही. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख किंवा पुस्तकं असतील तर वर्षापुढे अ, आ जोडा आणि सूचीतही तसंच ठेवा.

आपल्याकडे हमखास अडचण येते ती आडनावांची. खानदेशात पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे यांचीच संख्या दांडगी. सूचीत दोन वेगवेगळे पाटील पहिले लेखक असतील, तर मजकुरात दर वेळी आद्याक्षरं द्यावी लागतात: "(र. भ. पाटील, २०१५)" आणि "(सु. ना. पाटील, २०१९)". वर्षं वेगळी असली तरीही. परदेशी नावांचं लेखन एकदाच ठरवा आणि मसुद्याच्या शेवटच्या पानावर यादी करून ठेवा, नाहीतर पहिल्या प्रकरणातला बांडुरा तिसऱ्यात बंडुरा आणि पाचव्यात बँडुरा होतो.

शब्दशः अवतरण देत असाल तर पृष्ठ क्रमांक हवाच. चाळीस किंवा अधिक शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. खरं तर मानसशास्त्राच्या लघुप्रबंधात लांब अवतरणांची गरज क्वचितच पडते. पानापानावर अवतरणं दिसली की विषय पचला नाही असंच परीक्षकाला वाटतं.

मूळ लेख मिळाला नाही आणि पाठ्यपुस्तकातूनच माहिती घेतली, तर तसं सांगा. मजकुरात मूळ लेखकाचं नाव आणि वर्ष देऊन पुढे पाठ्यपुस्तकाच्या लेखकाचं नाव, वर्ष आणि 'मध्ये उद्धृत' असं लिहा. सूचीत फक्त पाठ्यपुस्तक येईल. न वाचलेलं मूळ पुस्तक सूचीत घालायचं नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच पुस्तकावर येऊ शकतो.

कृषी विज्ञान केंद्रातल्या अधिकाऱ्याशी किंवा समुपदेशकाशी बोलून मिळालेली माहिती 'वैयक्तिक संवाद' म्हणून तारखेसह फक्त मजकुरात येते, सूचीत नाही, कारण वाचकाला ती शोधून काढता येणार नाही.

परिच्छेदात पाच वाक्यं एका लेखकाची आणि शेवटी एक कंस, ही पद्धत सोडा. तो कंस फक्त शेवटच्या वाक्याचा आहे असंच वाचलं जातं. पहिल्याच वाक्यात लेखकाचं नाव घ्या आणि पुढे 'त्यांच्या मते', 'याच अभ्यासात' अशा शब्दांनी धागा चालू ठेवा.

एक नोंद जवळून

आकलित ताण, म्हणजे व्यक्तीला स्वतःला जाणवणारा ताण, मोजणाऱ्या मापिकेचा (प्रश्नावलीचा) मूळ लेख असा लिहितात. प्रत्यक्ष सूचीत तो रोमन लिपीत टाइप करायचा, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत:

कोहेन, एस., कामार्क, टी., आणि मर्मेलस्टीन, आर. (१९८३). अ ग्लोबल मेझर ऑफ पर्सीव्ह्ड स्ट्रेस. जर्नल ऑफ हेल्थ अँड सोशल बिहेव्हियर, २४(४), ३८५–३९६.

आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब. वर्ष कंसात आणि कंसानंतर टिंब. लेखाचं शीर्षक साध्या अक्षरांत, आणि इंग्रजीत फक्त पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा (:) पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटलनं सुरू. नियतकालिकाचं नाव मात्र तिरप्या अक्षरांत आणि सगळे मुख्य शब्द कॅपिटलनं. खंड क्रमांक २४ तिरपा, अंक क्रमांक (४) सरळ, दोघांमध्ये जागा नाही. पृष्ठांआधी 'पृ.' नाही. शेवटी डीओआय संपूर्ण दुव्याच्या रूपात, आणि त्यानंतर टिंब नाही. देवनागरी तिरपी केली की काही फॉन्टमध्ये मात्रा वेड्यावाकड्या दिसतात. मराठी नोंदींसाठी विभाग ठळक अक्षरं चालवतो का, हे विचारून घ्या.

पुस्तकाच्या नोंदीत पुस्तकाचं शीर्षक तिरपं येतं. शोधगंगेवरच्या प्रबंधाच्या शीर्षकापुढे चौकोनी कंसात 'पीएच.डी. प्रबंध' आणि विद्यापीठाचं नाव, मग शोधगंगा आणि दुवा. मराठी आणि इंग्रजी स्रोत एकत्र असतील तर आधी मराठी वर्णानुक्रमे, मग इंग्रजी, अशी दोन भागांची सूची सोयीची पडते. पण मार्गदर्शकांची संमती आधी घ्या. सूचीला अनुक्रमांक देऊ नका. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासाला टेकलेली आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत ठेवा. वर्डमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि टी दाबलं की हे होतं. स्पेसबार मारत ओळी सरकवल्या तर फॉन्ट बदलताच सगळं हलतं.

पद्धती आणि निष्कर्ष कसे लिहायचे

पद्धतीच्या प्रकरणात चूक होते ती मापिकेच्या नावात. वर दिलेल्या १९८३ च्या लेखात १४ विधानांची मापिका आहे. आज सर्रास वापरतात ती १० विधानांची, आणि ती कोहेन आणि विल्यमसन यांच्या १९८८ च्या लेखनातली आहे. दहा विधानं वापरून फक्त १९८३ चा संदर्भ देणं चूक. १० विधानांच्या मापिकेत गुण ० ते ४० असतात, आणि ४, ५, ७ व ८ ही विधानं उलट गुणांकनाची, म्हणजे ० च्या जागी ४, १ च्या जागी ३ असे गुण धरायचे. तुम्ही गुण उलटवले हे लिहायलाच हवं. मराठी रूपांतर वापरलं असेल तर ते कोणाचं, परवानगी घेतली का, हेही लिहा. स्वतः भाषांतर केलं असेल तर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत उलटं भाषांतर करून ताडलं का, ते लिहा. विश्वसनीयता गुणांक मूळ लेखातला तर द्याच, पण तुमच्या नमुन्यावर काढलेला आल्फाही (क्रोनबॅकचा विश्वसनीयता गुणांक) द्या.

नमुन्याविषयी नेमकं बोला. जळगाव शहरातल्या दोन कॉलेजांतले ६० विद्यार्थी म्हणजे 'खानदेशातील युवक' नव्हेत. शीर्षकातच मर्यादा घाला, मग चर्चेत माफी मागावी लागत नाही. 'प्रयोज्य' हा शब्द जुन्या पुस्तकांत सापडेल. आता 'सहभागी' लिहा. 'मनोरुग्ण' ऐवजी 'नैराश्याचे निदान झालेल्या व्यक्ती'.

मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात सहभागींचं बोलणं अहिराणीत किंवा पावरा आदिवासींच्या पावरीत असेल, तर ते प्रमाण मराठीत 'सुधारून' छापू नका. "मना जीव घाबरस, रातले झोप येत नही" हे जसं बोललं तसं द्या आणि खाली मराठी अर्थ द्या. स्वतःच्या सहभागींच्या अवतरणांना संदर्भसूचीत नोंद लागत नाही, 'सहभागी ७' असा संकेत पुरतो. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या लहान पाड्याचं नाव, वय आणि व्यवसाय एकत्र दिले की माणूस ओळखू येतो. तिथे तालुक्यावर थांबा.

आकडे असे लिहा: "पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा आकलित ताण (मध्यमान = २४.६, प्रमाण विचलन = ४.८) तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा (मध्यमान = २१.६, प्रमाण विचलन = ५.२) जास्त आढळला, टी(५८) = २.३२, पी = .०२४, डी = ०.६०." हे आकडे फक्त नमुन्यादाखल, प्रत्येक गटात ३० धरून. टी ही दोन गटांच्या मध्यमानांची तुलना करणाऱ्या चाचणीची किंमत, पी म्हणजे गटांत खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, आणि डी म्हणजे फरकाचा आकार. पी आणि सहसंबंध गुणांक एकापेक्षा मोठे होऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या दशांश चिन्हाआधी शून्य नाही. डी एकापेक्षा मोठा असू शकतो, म्हणून तिथे शून्य आहे. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर '.०००' दाखवतं, पण ते तसं उतरवू नका, 'पी < .००१' लिहा. फक्त 'पी < .०५' लिहून थांबण्याचे दिवस गेले, नेमकी किंमत द्या.

आणि 'यावरून सिद्ध झाले की' हे वाक्य खोडा. एका नमुन्यावरून परिकल्पनेला आधार मिळतो किंवा मिळत नाही. सहसंबंध मोजला असेल तर 'मोबाइलमुळे झोप कमी होते' असंही म्हणता येत नाही. 'मोबाइलचा वापर जास्त असलेल्यांनी कमी झोप नोंदवली' एवढंच म्हणता येतं. आधीच्या संशोधनाविषयी भूतकाळ वापरा: 'आढळले', 'नोंदवले'. परिकल्पना, गृहीतक, अभ्युपगम यांतला एकच शब्द निवडून शेवटपर्यंत तोच ठेवा.

गोषवारा सगळ्यात शेवटी लिहा. त्याची मर्यादा २५० शब्द, आणि त्यात संदर्भ शक्यतो नकोत. त्याखाली तीन ते पाच बीजशब्द.

छपाईआधी

मसुदा छापून घ्या आणि दोघं बसा. एकानं मजकुरातला प्रत्येक कंस वाचायचा, दुसऱ्यानं सूचीतल्या नोंदीपुढे बरोबरची खूण करायची. खूण न झालेली नोंद काढून टाका, आणि सूचीत न सापडलेला कंस असेल तर नोंद घाला. वर्षांचा फरक इथेच सापडतो. नंतर फक्त आकडे तपासा: पद्धतीत ६० सहभागी आणि कोष्टकात ५८ असतील, तर दोन कुठे गेले ते लिहावं लागेल.

दुकानात छपाईला वर्डची फाइल देऊ नका. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पानं सरकतात, मग अनुक्रमणिकेतले पृष्ठ क्रमांक चुकतात. घरीच पीडीएफ करा, मोबाइलवर उघडून सगळी कोष्टकं पाहा, आणि बाइंडिंगला देण्याआधी एकच प्रत छापून अनुक्रमणिकेतलं प्रत्येक पान उघडून पाहा.